जेनेटिक काउन्सेलिंगच्या मास्टर्सला अर्ज: अमेरिका आणि कॅनडातली प्रवेशप्रक्रिया, पायरीपायरीने

जेनेटिक काउन्सेलर म्हणजे आनुवंशिक आजारांचा धोका आणि चाचण्यांचा अर्थ रुग्णांना व कुटुंबांना समजावून सांगणारा, त्यांच्या निर्णयांत साथ देणारा तज्ज्ञ. अमेरिकेत तसं व्हायचं तर रस्ता एकच आहे. एसीजीसी या संस्थेची मान्यता असलेल्या प्रोग्रॅममधून मास्टर्स करायचं आणि मग एबीजीसी या प्रमाणन मंडळाची परीक्षा द्यायची. ‘ह्यूमन जेनेटिक्स’ किंवा ‘मॉलिक्युलर बायॉलॉजी’ची पदवी कितीही चांगली असली तरी तिच्या जोरावर या परीक्षेला बसता येत नाही. म्हणून सगळ्यात आधी एसीजीसीच्या वेबसाइटवरची मान्यताप्राप्त प्रोग्रॅमची यादी उघडा. अमेरिका आणि कॅनडा मिळून त्यात ५० हून अधिक नावं आहेत. कॅनडातले मॅकगिल, टोरांटो, ब्रिटिश कोलंबिया आणि मॅनिटोबा हे प्रोग्रॅमही त्यात सापडतील. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातली व्यवस्था पूर्णपणे वेगळी आहे, तिचा विचार इथे केलेला नाही.

यादी लांब दिसली तरी जागा कमी असतात, कारण वर्ग लहान असतात. एसीजीसीच्या नियमानुसार प्रत्येक विद्यार्थ्याने प्रशिक्षित काउन्सेलरच्या देखरेखीखाली किमान ५० केसेसमध्ये प्रत्यक्ष सहभाग घेतलेला असावा लागतो. तेवढे रुग्ण आणि तेवढा वेळ देणारे सुपरवायझर जिथे असतील तिथेच विद्यार्थी घेता येतात. वर्गात खुर्च्या वाढवल्या म्हणून जागा वाढत नाहीत. त्यामुळे चांगले गुण असलेल्या अनेकांनाही पहिल्या वर्षी प्रवेश मिळत नाही, हे गृहीत धरूनच तयारीला लागा.

कधी सुरुवात करायची

वर्ग बहुधा ऑगस्टच्या सुमाराला सुरू होतात. अर्जांची मुदत त्याआधीच्या हिवाळ्यात असते, बहुतेक ठिकाणी डिसेंबर ते जानेवारी, काही ठिकाणी त्याहून लवकर. मुलाखती साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चालतात, पसंतीक्रम (प्रोग्रॅमची आवडीनुसार लावलेली यादी) एप्रिलच्या मध्याला द्यायचा असतो आणि निकाल एप्रिल संपता संपता लागतो. मागे मोजत गेलात तर अर्जाच्या मुदतीआधी किमान वर्ष-दीड वर्ष हाताशी हवं. एवढा वेळ फॉर्म भरायला लागत नाही. तो राहिलेले विषय पूर्ण करायला आणि अनुभव मिळवायला लागतो. सप्टेंबरमध्ये जागे होऊन डिसेंबरात अर्ज टाकणाऱ्यांचे अर्ज लगेच ओळखू येतात: हेल्पलाइनवर सहा आठवडे, एक दिवस शॅडोइंग (काउन्सेलरसोबत बसून काम बघणं) आणि घाईत मागितलेली शिफारसपत्रं.

आवश्यक विषय

पदवी कुठल्याही शाखेची चालते, पण काही विषय झालेले असावे लागतात. जेनेटिक्स, बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स आणि सायकॉलॉजी हे जवळपास सगळीकडे मागतात. ऑरगॅनिक केमिस्ट्री, अ‍ॅनाटॉमी किंवा एम्ब्रियॉलॉजी काही ठिकाणी सक्तीचे, तर काही ठिकाणी नुसते ‘असल्यास उत्तम’ असतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण एक राहिलेला विषय पूर्ण करायला एक अख्खं सेमिस्टर जातं.

यासाठी एक साधी एक्सेल शीट करा. प्रत्येक प्रोग्रॅमला एक ओळ द्या आणि रकाने असे ठेवा: कोणते विषय लागतात, किमान ग्रेड काय, किती वर्षांपूर्वी केलेला विषय चालतो, ऑनलाइन किंवा कम्युनिटी कॉलेजमधला कोर्स चालतो का, अर्ज करताना विषय चालू असला तर चालेल का, शिफारसपत्रं किती आणि कोणाची, निबंधाचे प्रश्न आणि शब्दमर्यादा, अर्जाची फी, मुदत आणि ती कोणत्या टाइम झोनची. जिथे वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेलं नाही तिथे प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरला दोन ओळींचा ईमेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. ‘बायोकेमिस्ट्री सेल बायॉलॉजीच्या कोर्समध्येच झाली होती’ हे तुम्ही मानून चालता, पण समिती मानेलच असं नाही. अशा वेळी त्या कोर्सचा सिलॅबस पाठवून आधीच विचारलेलं बरं.

जीआरई ही ग्रॅज्युएट प्रवेशाची सामायिक परीक्षा बहुतेक प्रोग्रॅमनी काढून टाकली आहे. तुमच्या यादीतल्या एखाद्याच ठिकाणी ती लागत असेल, तर त्या एका प्रोग्रॅमसाठी दोन महिने आणि परीक्षेची फी घालायची का, याचा थंड डोक्याने विचार करा. बहुतेकांच्या बाबतीत तोच वेळ हेल्पलाइनवर घालवला तर जास्त फायदा होतो.

अनुभव: सगळा भर इथेच असतो

समिती तीन गोष्टी शोधते. दुःखात किंवा गोंधळात असलेल्या माणसासोबत तुम्ही काम केलंय का? जेनेटिक काउन्सेलरचं काम नेमकं काय असतं, हे तुम्ही जवळून समजून घेतलंय का? आणि प्रयोगशाळा, क्लिनिक किंवा शिकवणं अशा कुठल्या तरी कामात जबाबदारी पेलली आहे का? यातली पहिली गोष्ट सगळ्यात जड, आणि विज्ञानाकडून येणारे अर्जदार नेमके तिथेच उघडे पडतात. दोन शोधनिबंध आहेत, पण कोणाचं ऐकून घेण्याचा अनुभव शून्य, अशी फाइल मुलाखतीपर्यंत क्वचितच पोचते.

पहिल्या गोष्टीसाठी संकटकाळातल्या हेल्पलाइन, कौटुंबिक हिंसाचारातून सुटलेल्यांचे आश्रय, हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांची सेवा), अपंग मुला-माणसांसोबतची कामं असे पर्याय आहेत. अमेरिकेत राहणाऱ्यांना क्रायसिस टेक्स्ट लाइन सोयीची पडते. तिचं प्रशिक्षण ऑनलाइन, सुमारे ३० तासांचं असतं आणि त्यानंतर २०० तास काम करण्याची अपेक्षा असते. आठवड्याला चार तास धरले तर हे वर्षभर पुरतं. म्हणून ते आधीच सुरू करायला हवं. दुसऱ्या देशात असाल तर तिथल्या मान्यताप्राप्त हेल्पलाइनचं काम तितकंच धरलं जातं. बघितलं जातं ते हे की तुम्हाला प्रशिक्षण मिळालं का, वरून कोणी देखरेख करत होतं का आणि तुम्ही टिकून राहिलात का. तासांचा आकडा फुगवण्यासाठी पाच ठिकाणी पाच-पाच आठवडे घालवण्यापेक्षा एका ठिकाणी वर्षभर राहा. तुमच्या कामावर चार वाक्यं खात्रीने लिहू शकेल असा सुपरवायझर तिथेच तयार होतो.

दुसऱ्या गोष्टीसाठी एनएसजीसी या अमेरिकेतल्या काउन्सेलरांच्या व्यावसायिक संघटनेच्या वेबसाइटवर काउन्सेलर शोधण्याची डिरेक्टरी आहे. विद्यार्थ्यांशी बोलायला तयार असलेले काउन्सेलर त्यात सापडतात. त्यांना थेट ‘शॅडोइंग मिळेल का’ असं विचारू नका. रुग्णाच्या गोपनीयतेमुळे बहुतेक इस्पितळं बाहेरच्या माणसाला सेशनमध्ये बसू देत नाहीत आणि काउन्सेलरला नाइलाजाने नकार कळवावा लागतो. त्याऐवजी वीस मिनिटांची फोनवरची किंवा व्हिडिओवरची भेट मागा. ईमेल पाच-सहा वाक्यांचा असावा: तुम्ही कोण, सध्या काय करता, त्यांच्या कामातल्या नेमक्या कोणत्या भागाबद्दल विचारायचंय, आणि सोयीच्या तीन वेळा. प्रसूतिपूर्व, कर्करोग, बालरोग आणि प्रयोगशाळा अशा चार वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या काउन्सेलरांशी बोललात तर मुलाखतीत ‘हे क्षेत्र म्हणजे काय’ या प्रश्नाचं तुमचं उत्तर पुस्तकी वाटणार नाही. एनएसजीसीची ‘मास्टर जेनेटिक काउन्सेलर सीरिज’ म्हणजे अनुभवी काउन्सेलरांच्या नकली रुग्णांबरोबरच्या सेशनचे व्हिडिओ. शॅडोइंग न मिळालेल्यांनी ते नक्की बघावेत. बघताना काउन्सेलर काय सांगतो यापेक्षा तो कुठे थांबतो, प्रश्न कुठे परत रुग्णाकडे वळवतो, ते टिपा.

एक छोटं काम आत्ताच सुरू करा. प्रत्येक शिफ्ट किंवा भेटीनंतर तीन ओळी लिहून ठेवा: काय झालं, मला काय वाटलं, पुढच्या वेळी काय वेगळं करेन. नाव-गाव, आजार, तारीख काहीही लिहायचं नाही. वर्षभराने निबंध आणि मुलाखत दोन्हींचा कच्चा माल याच वहीत सापडतो.

शिफारसपत्रं

बहुतेक ठिकाणी तीन लागतात. एक शिकवलेल्या प्राध्यापकाचं, एक हेल्पलाइनच्या किंवा सेवाकामाच्या सुपरवायझरचं आणि एक नोकरीतल्या वरिष्ठाचं किंवा संशोधनाच्या मार्गदर्शकाचं, अशी जुळणी चांगली. ज्या काउन्सेलरशी एकदाच बोलणं झालं त्यांचं पत्र घेऊ नका. नावापुढे पदवी असली तरी पत्रात सांगण्यासारखं काही नसतं आणि ते वाचणाऱ्याच्या चटकन लक्षात येतं.

निदान सहा आठवडे आधी विचारा, आणि विचारताना ‘तुम्ही भक्कम पत्र देऊ शकाल का’ असंच विचारा, म्हणजे ज्याला नाही म्हणायचंय त्याला वाट मोकळी राहते. होकार आला की एकाच ईमेलमध्ये रिझ्युमे, निबंधाचा मसुदा, प्रोग्रॅमची यादी आणि मुदती पाठवा, आणि त्यांच्यासोबत केलेल्या कामातले दोन-तीन प्रसंग आठवण म्हणून जोडा. फॉर्मवर ‘पत्र पाहण्याचा हक्क सोडतो’ अशी चौकट असते, तिथे हो म्हणा. तो हक्क राखून ठेवला तर पत्राचं वजन कमी होतं. फॉर्ममध्ये पत्र देणाऱ्याचा शक्यतो संस्थेचा ईमेल पत्ता द्या. काही पोर्टल जीमेलवरून आलेली पत्रं पडताळणीसाठी अडकवून ठेवतात.

निबंध

‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे आणि लोकांना मदत करायला आवडतं, म्हणून जेनेटिक काउन्सेलिंग.’ या वाक्याने नर्स, डॉक्टर, शिक्षक कोणाच्याही अर्जाची सुरुवात होऊ शकते. समितीच्या समोरच्या ढिगात याच्या पन्नास आवृत्त्या असतात. त्याऐवजी अशा अर्थाचं काही लिहून बघा: ‘एका कॉलवर समोरची व्यक्ती बोलता बोलता गप्प झाली. मी घाईघाईने तीन उपाय सुचवले. तिने आभार मानले आणि फोन ठेवला. नंतर सुपरवायझरशी बोलताना कळलं की ती शांतता तिला नाही, मलाच सहन होत नव्हती. त्यानंतरच्या शिफ्टमध्ये मी आधी मनात दहा आकडे मोजू लागले.’ यात जेनेटिक्सचं नावही नाही, पण स्वतःकडे बघण्याची सवय आणि सुधारणा दिसते. मग पुढच्या परिच्छेदात हे काउन्सेलिंगशी कसं जोडलं जातं ते सांगायचं.

घरात आनुवंशिक आजार असेल तर ते लिहायला हरकत नाही, पण अर्ध्याहून जास्त निबंध आजारपणाच्या वर्णनात जाता कामा नये. त्या अनुभवातून तुमची मतं कशी बनली आणि वेगळा निर्णय घेणाऱ्या कुटुंबाच्या बाजूलाही तुम्ही उभे राहू शकता का, हे त्यातून दिसलं पाहिजे. जखम अजून ओली असेल आणि लिहिताना राग उतू जात असेल तर तो प्रसंग बाजूला ठेवा.

प्रत्येक प्रोग्रॅमसाठी एक परिच्छेद वेगळा लिहावा लागतो. ‘तुमचे नामांकित प्राध्यापक’ असलं काही नको. कुठल्या क्लिनिकमध्ये रोटेशन (पाळीपाळीने प्रत्यक्ष प्रशिक्षण) आहेत, थीसिसची पद्धत कशी आहे, कोणत्या समाजघटकांसोबत काम होतं, यातलं काहीतरी तुमच्या अनुभवाशी जुळवून दाखवा. आणि पाठवण्यापूर्वी विद्यापीठाचं नाव शोधून तपासा. एका विद्यापीठाच्या अर्जात दुसऱ्याचं नाव राहून जाणं ही दरवर्षीची गोष्ट आहे.

अमेरिकेबाहेर पदवी घेतली असेल तर

बरीच विद्यापीठं परदेशी ट्रान्सक्रिप्टचं (गुणपत्रकांचं) डब्ल्यूईएस किंवा ईसीईसारख्या संस्थेकडून मूल्यांकन मागतात. कोर्सवार मूल्यांकन मागवा, नुसत्या पदवीचं नाही, कारण आवश्यक विषय त्यातूनच दिसतात. मूळ विद्यापीठाकडून सीलबंद किंवा डिजिटल कागद निघायला अनेकदा महिने जातात, त्यामुळे हे काम उन्हाळ्यातच हातावेगळं करा. तीन वर्षांची पदवी असेल तर ती चार वर्षांच्या बॅचलर्सशी समकक्ष धरतात का, हे ग्रॅज्युएट स्कूलला लेखी विचारा. टोफेल किंवा आयईएल्ट्सच्या गुणांची वैधता दोन वर्षं असते.

पैशाचं गणितही इथेच मांडा. परदेशी विद्यार्थ्यांना अमेरिकी सरकारची शिक्षणकर्जं मिळत नाहीत आणि व्हिसासाठी लागणाऱ्या आय-२० या विद्यापीठाच्या फॉर्मसाठी पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च दाखवावा लागतो. अमेरिकी नागरिकांसाठीही नियम बदलले आहेत: १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद, आणि साधारण ग्रॅज्युएट शिक्षणासाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर. फीमध्ये एका प्रोग्रॅमपासून दुसऱ्यापर्यंत कित्येक पटींचा फरक असतो, म्हणून एक्सेलमध्ये तोही रकाना ठेवा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांनी कोर्सचा सीआयपी कोड (अभ्यासक्रमाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) विचारावा. जेनेटिक्सच्या कोडखाली नोंदलेल्या कोर्सला पदवीनंतर १२ महिन्यांच्या ओपीटीवर (अमेरिकेत काम करण्याची परवानगी) आणखी २४ महिन्यांची स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांसाठीची) मुदतवाढ मिळू शकते. आरोग्यसेवेच्या कोडखाली ती मिळेलच असं नाही.

एनएमएसची नोंदणी

प्रवेश ‘मॅच’ने, म्हणजे अर्जदार आणि प्रोग्रॅम यांच्या पसंतीक्रमांची संगणकावर जुळणी करून होतो आणि ती नॅशनल मॅचिंग सर्व्हिसेस म्हणजे एनएमएस चालवते. २०१८ च्या प्रवेशांपासून ही पद्धत आली. त्याआधी एप्रिलमधल्या ठरलेल्या दिवशी प्रोग्रॅम फोन करून जागा देऊ करत आणि अर्जदाराला थोड्या वेळात हो-नाही सांगावं लागे.

एनएमएसची नोंदणी म्हणजे अर्ज नव्हे. हा घोळ दरवर्षी होतो. नोंदणी केली की एक क्रमांक मिळतो. तो प्रत्येक प्रोग्रॅमच्या अर्जात लिहायचा असतो, आणि अर्ज स्वतंत्रपणे, वेगळ्या फीसह भरायचे असतात. त्यामुळे आधी नोंदणी, मग अर्ज.

मुलाखत

अर्जदारांपैकी थोड्यांनाच बोलावणं येतं, त्यामुळे इथवर पोचलात म्हणजे कागदावर तुम्ही पात्र आहात. आता ते बघतात की दोन वर्षं तुम्हाला शिकवता येईल का. म्हणून ‘तुमच्यावर झालेली टीका सांगा आणि तिचं काय केलंत तेही’ हा प्रश्न जवळपास ठरलेला. ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर देऊ नका.

प्रसंग देऊनही विचारतात. उदाहरणार्थ: रुग्णाच्या बीआरसीए१ या, स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकात रोगकारक बदल सापडला आहे, पण बहिणीला सांगायचं नाही असं ती म्हणते. तुम्ही काय कराल? ‘मी तिला पटवून देईन’ म्हणणारा ऐकून न घेताच निकाल देतो. ‘मी बहिणीला कळवीन’ म्हणणारा गोपनीयता मोडतो. बरं उत्तर आधी विचारतं की सांगायचं का नाही. दोघींचं बोलणं तुटलंय का, बहीण नुकतीच बाळंत झालीये का, की स्वतः रुग्णालाच बातमी पचलेली नाही? मग बहिणीतही हाच बदल असण्याची शक्यता ५० टक्के आहे आणि कळलं तर तिच्या तपासण्या लवकर सुरू करता येतात, हे रुग्णापुढे स्पष्ट मांडतं. कुटुंबाला देण्याजोगं पत्र तयार करून द्यायची तयारी दाखवतं, निर्णय रुग्णावर सोडतं, पुढच्या भेटीत विषय पुन्हा काढायचं ठरवतं, आणि अडचण वाटली तर सुपरवायझरशी बोलेन असंही सांगतं. दोन मिनिटांत हे सगळं येत नाही, आणि यावं अशी अपेक्षाही नसते. ‘का’ आधी विचारलात एवढ्यानेच बराच फरक पडतो.

तीन पिढ्यांची वंशावळ काढण्याचा सराव असू द्या. ऑनलाइन मुलाखत असेल तर टाइम झोन दोनदा तपासा. तुम्हीही प्रश्न विचारायचे असतात: एका सुपरवायझरकडे किती विद्यार्थी असतात, क्लिनिकला जायला स्वतःची गाडी लागते का, एखादा विद्यार्थी मागे पडला तर काय करता. सध्याच्या विद्यार्थ्यांशी वेगळं बोलायला मिळालं तर हेच प्रश्न त्यांनाही विचारा आणि दोन उत्तरं ताडून पाहा. मुलाखत संपल्या संपल्या पाच ओळींची नोंद करा. चौथ्या मुलाखतीनंतर सगळे प्रोग्रॅम एकमेकांत मिसळतात.

पसंतीक्रम

एप्रिलमध्ये एनएमएसवर मुलाखत दिलेल्या प्रोग्रॅमची क्रमवार यादी द्यायची. प्रोग्रॅमही अर्जदारांची यादी देतात. नियम एकच: खरी आवड जशी असेल तसा क्रम लावा.

समजा तुमची यादी क, ख, ग अशी आहे. संगणक आधी तुम्हाला ‘क’मध्ये बसवून बघतो. ‘क’ने तुम्हाला यादीत ठेवलं असेल आणि जागा असेल, किंवा तिथे तात्पुरत्या बसलेल्या कोणापेक्षा तुम्ही त्यांच्या यादीत वर असाल, तर तुम्हाला तिथे तात्पुरती जागा मिळते. नाहीतर संगणक ‘ख’कडे जातो. तोवर ‘ख’च्या जागा इतरांनी भरलेल्या असल्या तरी बिघडत नाही, ‘ख’च्या यादीत तुम्ही वर असाल तर खालचा अर्जदार उठतो आणि तुम्ही बसता. म्हणजे ‘क’ला पहिलं लिहिल्याने ‘ख’मधली तुमची संधी कणभरही कमी होत नाही. ‘ग’ मला नक्की घेईल म्हणून तो वर लिहिणं म्हणजे स्वतःच्या हाताने ‘क’ गमावणं.

जिथे जायचंच नाही तो प्रोग्रॅम यादीत लिहू नका. मॅच बंधनकारक असते. निकालानंतर ‘शहर आवडत नाही’ किंवा ‘फी परवडत नाही’ म्हणून मागे फिरता येत नाही. फीचा, व्हिसाचा आणि घरच्यांचा विचार यादी पक्की करण्याआधी करा. यादी सेव्ह केली म्हणजे झालं असंही नाही, ती मुदतीत प्रमाणित करावी लागते.

मॅच झाली नाही तर

रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी दुसरी फेरी असते. ती झटपट उरकते, म्हणून निकालाच्या आठवड्यात ईमेलवर लक्ष ठेवा आणि कागद तयार ठेवा. तिथेही जमलं नाही तर मे-जूनमध्ये प्रोग्रॅमना नम्रपणे अभिप्राय मागा. सगळे देत नाहीत, पण दोघांनी एकच गोष्ट सांगितली तर तीच दुरुस्त करायची. मुलाखतीचं एकही बोलावणं आलं नसेल तर दोष कागदांत आहे: विषय, अनुभव किंवा निबंध. बोलावणी येऊन मॅच झाली नसेल तर मुलाखतीचा सराव अनोळखी माणसासमोर करा, आणि यादीत दोनच नावं लिहिली होती का तेही बघा. मधल्या वर्षात जेनेटिक काउन्सेलिंग असिस्टंटची नोकरी मिळाली तर उत्तम. वंशावळी नोंदवणं, चाचण्यांचे फॉर्म आणि विम्याचे कागद, रुग्णांचे फोन असं ते काम असतं. पुढच्या अर्जात जुना निबंध दुरुस्त करून पाठवू नका, नवा लिहा. समितीत बऱ्याचदा तेच लोक असतात आणि त्यांनी मागच्या वर्षीचा वाचलेला असतो.